मुलीला लघुग्रह ‘सापडला’, मग नाव कधी ठेवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या एका आईने विचारलंय की त्यांची आठवीतली मुलगी शाळेच्या गटातून लघुग्रह शोधमोहिमेत होती आणि तिला ‘प्राथमिक शोध’ असं प्रमाणपत्र आलं. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचा पाऊस पडला, आजींनी नावसुद्धा ठरवून टाकलं. मग कोणीतरी एक संकेतस्थळ पाठवलं: साडेतीन हजार रुपयांत लघुग्रहाला हवं ते नाव, वर फ्रेम केलेला दाखला. तर मुलीने खरंच काही शोधलंय का, नाव कोण ठेवतं, कधी ठेवतं, आणि तो दगड केवढा आहे, कुठे आहे?

ताई, आधी पैशांचं सांगते, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. त्या संकेतस्थळाला एक रुपयाही देऊ नका. लघुग्रहाचं नाव विकत मिळत नाही. ते आंतरराष्ट्रीय खगोल संघाची समिती मंजूर करते, फुकट करते आणि स्वतःच्या पत्रकात छापते. बाहेरच्या कोणी दिलेला दाखला भिंतीवर छान दिसेल, पण त्या नावाने जगातला एकही खगोलशास्त्रज्ञ त्या दगडाला ओळखणार नाही. शाळांसाठी चालणारी मूळ आंतरराष्ट्रीय मोहीमही भाग घ्यायचे पैसे घेत नाही. इथे कोणी शिकवणीचे घेत असेल तर तो त्यांचा तुमचा व्यवहार.

आता मुलीने काय केलं ते बघू. मी ठाण्यात दहा-बारा वर्षं मुलांचे गट घेऊन हेच काम करते, त्यामुळे तिचा तो शनिवार कसा गेला असेल ते डोळ्यांसमोर येतं. चित्रं येतात हवाई बेटांवरच्या हलेआकाला पर्वतावरून. तिथे ३,००० मीटरपेक्षा जास्त उंचीवर पॅन-स्टार्स नावाची १.८ मीटर आरशाची दुर्बीण आहे. त्यामुळे आमचं काम भर जुलैतही चालतं. बाहेर येऊरच्या डोंगरावर ढग टेकलेले, तलावपाळीवर छत्र्यांची गर्दी, आणि मुलं लॅपटॉपवर स्वच्छ आकाश बघत बसलेली.

आकाशाच्या एकाच तुकड्याची चार चित्रं असतात, काही काही मिनिटांच्या अंतराने घेतलेली. संगणक ती एकामागून एक भराभर दाखवतो. तारे जागच्या जागी राहतात. आणि एखादा राखाडी ठिपका, अगदी फिकट, एक-दोन-तीन-चार असा सरकतो. पहिल्यांदा तो दिसला की मुलं खुर्चीतून उठतात. “मॅडम, हलतोय!” मग मी त्यांना परत बसवते, कारण हलणारं सगळं लघुग्रह नसतं. कॅमेऱ्याचे बिघडलेले बिंदू असतात, तेजस्वी ताऱ्याभोवतीचे खोटे उजेड असतात, वैश्विक किरणांचे डाग असतात. खरा लघुग्रह चारही चित्रांत गोलसर दिसतो, त्याची तेजस्विता जवळपास तेवढीच राहते आणि तो सरळ रेषेत वेळेच्या हिशेबाने सरकतो. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला लघुग्रह आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला असताना तासाला साधारण ३० ते ४० विकला सरकतो. म्हणजे अर्ध्या तासात चंद्राच्या बिंबाच्या जेमतेम शंभराव्या भागाइतका. एवढीशी हालचाल तुमच्या मुलीने पकडली, हे काही थोडं नाही.

मग प्रत्येक चित्रातली त्याची जागा मोजायची आणि अहवाल पाठवायचा. अहवालातली प्रत्येक ओळ बरोबर ८० अक्षरांची, दुर्बिणीचा सांकेतिक क्रमांक शेवटी. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी सगळं परत येतं. पंचकार्डांच्या काळातला हा साचा मुलांना भारी त्रास देतो, पण मला तो आवडतो. नीटनेटकेपणा त्यातून आपोआप येतो.

इथे माझी एक फजिती सांगते. आमच्या एका मुलाला असाच सुंदर ठिपका सापडला, आणि मी गडबडीत तो नवा म्हणून पुढे पाठवला. एका स्थानिक वर्तमानपत्रात ‘ठाण्याच्या विद्यार्थ्याने शोधला ग्रह’ असं छापूनही आलं. चूक माझी होती. माहीत असलेल्या लघुग्रहांच्या कक्षांची फाइल दर वेळी नव्याने उतरवून घ्यावी लागते, म्हणजे जुने ठिपके पडद्यावर नावानिशी दिसतात. माझी फाइल काही महिन्यांची जुनी होती. तो ठिपका आधीच नोंदलेला निघाला. मुलाने शांतपणे ऐकून घेतलं, आईबाबांना समजावताना मात्र मला घाम फुटला. तेव्हापासून प्रमाणपत्राच्या आधी पेढे वाटू देत नाही.

‘प्राथमिक’ या शब्दाचा अर्थ इथेच आहे. एका रात्रीची चार मोजमापं म्हणजे आकाशातली एक छोटीशी रेघ. त्या रेघेवरून दगड जवळचा हळू जाणारा की लांबचा, पुढच्या महिन्यात कुठे असेल, काहीच ठामपणे सांगता येत नाही. तो ठिपका पुन्हा दिसला पाहिजे आणि तो तोच आहे हे ताळ्यावर बसलं पाहिजे.

याची सगळ्यात चांगली गोष्ट पहिल्याच लघुग्रहाची आहे. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोला ज्युसेप्पे पियाझ्झी ताऱ्यांची यादी करत होता, तेव्हा त्याला एक ‘तारा’ सरकताना दिसला. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्याने वेध घेतले, मग आजारी पडला, आणि तो ठिपका सूर्याच्या उजेडात शिरला. सहा-सात महिन्यांनी तो परत रात्रीच्या आकाशात आला असणार, पण कुठे? हरवलाच तो. चोवीस वर्षांच्या कार्ल गाउस या गणितज्ञाने पियाझ्झीच्या तुटपुंज्या वेधांवरून नव्या रीतीने कक्षा काढली, आणि वर्षाच्या अखेरीस फॉन झाख या खगोलशास्त्रज्ञाला तो गाउसने सांगितल्याच्या आसपास सापडला. पियाझ्झीने पहिल्यांदा बघितलं हे खरं, पण गाउसची कक्षा नसती तर सेरेस, म्हणजे तोच पहिला लघुग्रह, ही नुसती एक ऐकीव हकीकत राहिली असती. म्हणून मी मुलांना सांगते, ठिपका सापडणं ही वराकडच्यांनी फोटो मागवण्याची पायरी आहे. लग्न अजून लांब आहे.

तर पुढचं कसं होतं? काही दिवसांत दुसऱ्या एखाद्या रात्री तोच दगड परत टिपला गेला, तुमच्या गटाकडून किंवा जगात कोणाकडूनही, तर अमेरिकेतल्या केंब्रिजमधलं लघुग्रह केंद्र त्याला तात्पुरतं नाव देतं. हे नाव म्हणजे खरं तर तारखेचा शिक्का. पंडित जसराजांच्या नावाचा जो लघुग्रह आहे, त्याचं तात्पुरतं नाव होतं २००६ व्हीपी३२. तुमच्या मुलीसोबत बसून हे उलगडा, गणिताचा छान अर्धा तास जाईल. २००६ हे वर्ष. पहिलं इंग्रजी अक्षर पंधरवडा सांगतं: जानेवारीचा पहिला पंधरवडा ए, दुसरा बी, असं करत जायचं आणि आय हे अक्षर सोडायचं, कारण ते १ या आकड्यासारखं दिसतं. व्ही येतं नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्याला. तो सापडला ११ नोव्हेंबरला, जमतंय. दुसरं अक्षर त्या पंधरवड्यातला अनुक्रम. आय सोडून २५ अक्षरं आहेत, ती संपली की पुन्हा ए पासून सुरुवात आणि शेपटीला १, मग २. इथे शेपटीला ३२, म्हणजे २५ अक्षरांचे ३२ फेरे झालेले, अधिक पी म्हणजे पंधरावं अक्षर. ३२ गुणिले २५, अधिक १५, बरोबर ८१५. त्या एका पंधरवड्यात नोंदलेला तो आठशे पंधरावा.

म्हणजे गर्दी केवढी आहे बघा. आज चौदा लाखांच्या आसपास लघुग्रह नोंदलेले आहेत. त्यातल्या आठ लाखांहून जास्त जणांना कायमचा क्रमांक मिळालाय. आणि नाव? पंचवीस हजारांच्या घरात. बाकीचे सगळे आकड्यांवर नांदतायत.

क्रमांक मिळायला कक्षा पक्की व्हावी लागते. पट्ट्यातल्या लघुग्रहाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ढोबळमानाने साडेतीन ते सहा वर्षं लागतात, पृथ्वीला एक. चार वर्षांच्या फेरीवाल्याला पृथ्वी दर सोळा महिन्यांनी गाठते. तेव्हा तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला, रात्रभर आकाशात आणि सगळ्यात तेजस्वी असतो. याला प्रतियुती म्हणतात. अशा साधारण चार प्रतियुतींमधले वेध जमले की क्रमांकाचा विचार होतो. सरळ हिशेबाने चार-पाच वर्षं. मध्ये एखादी प्रतियुती हुकली, चंद्रप्रकाशात गेली, कोणी तिकडे बघितलंच नाही, तर आणखी. सहा ते दहा वर्षं धरून चाला. उलटही होतं. जुन्या चित्रांच्या साठ्यात कोणाचे तरी बेवारस वेध सापडतात, कक्षेशी जुळतात आणि काम झटकन होतं. पण मग श्रेयाचा प्रश्न येतो. दुसऱ्या रात्रीचे वेध आधी कोणाचे पोहोचले त्यावर शोधकर्ता ठरतो, आणि तो ठरतो क्रमांक देताना, त्याच्या आधी नाही. आमच्या गटाचं एक बाळ असंच दुसऱ्याच्या घरी गेलं. पोरं दोन दिवस रुसली होती.

क्रमांक मिळाला की शोधकर्त्याला नाव सुचवायला दहा वर्षं असतात. पॅन-स्टार्सच्या चित्रांतला शोध अधिकृतपणे त्या दुर्बिणीच्या खात्यावर जातो, मुलांनी सुचवलेलं नाव मोहिमेच्या मार्गाने पुढे जातं. अटी साध्या आहेत. रोमन लिपीत सोळा अक्षरांच्या आत, शक्यतो एक शब्द, उच्चारता येण्यासारखा, आधीच्या नावाशी गोंधळ होणार नाही असा, कोणाला न दुखावणारा. जसराजांचं नाव म्हणूनच ‘पंडितजसराज’ असं एकत्र लिहिलंय. रोमनमध्ये बारा अक्षरं होतात. २०१९ साली ते ठेवलं गेलं, दगड सापडल्यानंतर तेरा वर्षांनी. त्याचा क्रमांक ३००१२८, आणि पंडितजींची जन्मतारीख २८-०१-३०. उलटी वाचा.

दुकानाचं, कंपनीचं नाव चालत नाही. पाळलेल्या मांजराचं सुचवू नये असा संकेत आहे. स्वतःचंच नाव स्वतः सुचवणं शिष्टाचारात बसत नाही. राजकीय किंवा लष्करी व्यक्तीचं नाव तिच्या मृत्यूनंतर शंभर वर्षांनी. हे सांगितलं की ठाण्यातली मुलं हमखास पुढचा प्रश्न विचारतात: “म्हणजे महाराजांचं चालेल ना?” महाराज १६८० साली गेले, त्यामुळे या अटीत तरी अडत नाही. आजींनी सुचवलेलं नाव काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण नातीने आजीचं नाव सुचवायला नियमात काही आडवं येत नाही.

भारतातल्या काही विद्यार्थ्यांच्या नावाने लघुग्रह आहेत ही बातमीही तुमच्या कानावर आली असेल. ती खरी आहे, पण त्यांनी ते शोधलेले नाहीत. मोठ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान स्पर्धांत वरचा क्रमांक काढणाऱ्या मुलांचं नाव अमेरिकेतल्या एका शोधप्रकल्पाने आपल्या खात्यातल्या लघुग्रहांना दिलं. शोध एकाचा, नाव दुसऱ्याचं, हा प्रकार अगदी जुना आहे.

आणि यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट मुलीच्याच नावाची आहे. १८५६ साली नॉर्मन पॉगसन नावाच्या तरुण सहायकाला ऑक्सफर्डला एक लघुग्रह सापडला, बेचाळिसावा. नाव ठेवायचा मान त्याने वेधशाळेच्या प्रमुखाला दिला, आणि प्रमुखाने ‘आयसिस’ हे इजिप्तच्या देवीचं नाव ठेवलं. देवीचं खरं, पण पॉगसनच्या तीन वर्षांच्या मुलीचंही नाव आयसिस. पुढे पॉगसन मद्रास वेधशाळेचा प्रमुख होऊन इकडे आला, आणि ती आयसिस मोठी होऊन त्याच वेधशाळेत बरीच वर्षं वडिलांची सहायक म्हणून काम करत होती. मद्रासहून पॉगसनला १७ एप्रिल १८६१ ला जो लघुग्रह सापडला, तो आशिया खंडातून सापडलेला पहिला, म्हणून त्याचं नाव ‘एशिया’. मद्रासहून त्याने आणखीही शोधले. १८८५ साली त्याला ‘व्हेरा’ सापडला, आणि त्यानंतर भारतातून पुढचा सापडायला १९८८ उजाडलं. तामिळनाडूतल्या कवलूरला राजमोहन यांना तो सापडला, आणि त्याला रामानुजनचं नाव मिळालं. मधली शंभरावर वर्षं कोरडी.

पॉगसनचं बोट तुमच्या मुलीच्या अहवालातही आहे. ठिपक्याची प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा, लिहिली जाते ना, २०.८ वगैरे, ती मोजपट्टी त्याने बसवून दिली: पाच प्रतींचा फरक म्हणजे बरोबर शंभर पट उजेड. डोळ्यांना काळ्याकुट्ट आकाशात सहाव्या प्रतीपर्यंत दिसतं. एकविसाव्या प्रतीचा ठिपका त्याहून दहा लाख पट मंद.

आता दगड केवढा? इथे उजेडावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही. लघुग्रह स्वतः चमकत नाही, सूर्याचा उजेड परतवतो. डांबरासारखा काळा मोठा दगड आणि फिकट छोटा दगड लांबून सारखेच दिसतात. कक्षा कळली की अंतर कळतं, अंतरावरून त्याची निरपेक्ष प्रत निघते, म्हणजे ठरावीक अंतरावर ठेवला तर तो किती उजळ दिसेल तो आकडा. ती समजा १८ आली. पृष्ठभाग पाच टक्के उजेड परतवणारा, कार्बनी जातीचा असेल तर व्यास भरतो साधारण दीड किलोमीटर. पंचवीस टक्के परतवणारा, सिलिकेटी जातीचा असेल तर पाऊण किलोमीटरहूनही कमी. दुपटीहून जास्त फरक, तोही एकाच ठिपक्यावरून. पट्ट्याच्या बाहेरच्या भागात काळे जास्त, आतल्या भागात फिकट त्या मानाने जास्त, एवढाच अंदाज बांधता येतो. तुमच्या मुलीचा दगड मंगळ आणि गुरूच्या मध्ये, सूर्यापासून पृथ्वीच्या सव्वादोन ते सव्वातीन पट अंतरावर कुठेतरी असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. पाऊण ते दीड किलोमीटर या मापाचं काहीतरी.

सिनेमात दाखवतात तशी तिथे दगडांची रेटारेटी नाही. सगळा पट्टा गोळा केला तरी आपल्या चंद्राच्या तीन टक्के वस्तुमान भरतं, आणि त्यातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या सेरेसचा. अवकाशयानं आजवर आरामात आरपार गेली आहेत. आणि पट्टा सलगही नाही. गुरूच्या एका फेरीत बरोबर तीन फेऱ्या होतील अशा अंतरावर जागा जवळजवळ रिकामी आहे. झोपाळ्याला दर वेळी त्याच क्षणी धक्का बसावा तसा गुरू तिथल्या दगडाला ओढत राहतो, कक्षा लांबुळकी होत जाते आणि दगड तिथून निघून जातो. कर्कवुडने या फटी एकोणिसाव्या शतकातच दाखवल्या.

वजन हा मात्र अवघड प्रकार. एकट्या दगडाचं वजन सहजासहजी कळत नाही. त्याला चंद्र असेल तर नशीब. पॉगसनने मद्रासहून १८६६ साली शोधलेला सिल्व्हिया घ्या. पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपासचा, पाच तासांच्या थोडं वर एक गिरकी घेणारा. २००१ साली त्याच्याभोवती एक चंद्र दिसला, आणि २००५ साली दुसऱ्याची घोषणा झाली. दोन चंद्र असलेला तो पहिलाच ज्ञात लघुग्रह. रोमच्या दंतकथेत रिआ सिल्व्हिया ही रोम्युलस-रेमसची आई, म्हणून चंद्रांची नावं ठरलेलीच होती. पण खरी मजा पुढे आहे. चंद्र किती अंतरावरून किती वेळात फिरतो त्यावरून सिल्व्हियाचं वजन निघालं, वजनाला आकारमानाने भागलं तर घनता पाण्यापेक्षा थोडीशीच जास्त. अखंड खडक असता तर अडीच-तीन पट भरली असती. म्हणजे आत पोकळ्या आहेत, बर्फही असेल, आणि सगळा ढीग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने कसाबसा धरून ठेवलेला. इमारत पाडल्यावर डेब्रिजचा ढिगारा पडतो तसा, फक्त मुंबईपासून सोलापूरच्या दिशेने अर्ध्याहून जास्त अंतर जाईल एवढा. पॉगसनने दुर्बिणीतून पाहिला तो केवळ एक बिंदू होता.

मुलीला खराखुरा लघुग्रह दाखवायचा असेल तर व्हेस्टा दाखवा. चांगल्या प्रतियुतीला तो साडेपाच-सहा प्रतीचा होतो. ठाण्याच्या गच्चीवरून साध्या १०×५० द्विनेत्रीतून दिसतो, वांगणीच्या पुढे काळोखात गेलात तर आणखी सोपं. तीन-चार रात्री शेजारच्या ताऱ्यांसकट कागदावर ठिपके काढायला सांगा. जो सरकला तो तो. २०१८ च्या जूनमध्ये तो नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतका उजळला होता, आणि आपल्याकडे अर्थातच पाऊस.

राहिला प्रमाणपत्राचा मुद्दा. ते फ्रेम करा, तिने मेहनतीने मिळवलंय. वर्गशिक्षकांकडून तिच्या ठिपक्याचा सांकेतिक क्रमांक घ्या, तीन अक्षरं आणि चार आकडे असा असतो, आणि चित्रांची तारीख वहीत लिहून ठेवा. मोहिमेच्या यादीत तो ‘प्राथमिक’वरून ‘तात्पुरता’ या वर्गात गेला की त्याला वर सांगितलं तसं वर्ष आणि अक्षरांचं नाव मिळेल. ते नाव लघुग्रह केंद्राच्या संकेतस्थळावर टाकलं की कक्षा आणि किती प्रतियुतींमधून वेध आलेत तो आकडा दिसतो. सुरुवातीला एक असेल. वर्षातून एकदा दिवाळीच्या सुट्टीत बघत जा. चारवर गेला की मला कळवा, आजींच्या नावाचं तेव्हा बसून बघू.